रिकामी चाळणी

सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्याच सकाळी बाईंनी नवऱ्याची जुनी पँट चढवली, कमरेला सुतळी आवळली आणि त्या बाहेर आल्या. सासूबाई पायरीवर बसून तोंड धूत होत्या. त्यांचा तांब्या हातातच राहिला.

"हे काय सोंग?"

"थळात जायचंय, आई. काल सांगितलं होतं मी."

"मला वाटलं थट्टा करतेस." सासूबाईंनी चूळ टाकली. "काय मिळणार त्याचं?"

"काही नाही. फुकट."

"फुकट!" सासूबाईंनी तांब्या खाली आपटला. "अगं, मला पोटासाठी उतरावं लागायचं, तरी रोज सकाळी शिव्या घालत उतरायचे मी. तू शिकलीस, खुर्चीवर बसायला लागलीस, आणि आता हौसेनं चाललीस?"

सासूबाईंचं आयुष्य थळात गेलं होतं. थळ म्हणजे गावाच्या उशाशी पसरलेली पाणथळ. पाऊसकाळात तळं, उन्हाळ्यात चिखल, आणि बारा महिने लव्हाळा. तो लव्हाळा कापून, वाळवून त्यांनी चटया विणल्या आणि दोन मुलं वाढवली. त्या कामात पायाची नखं कुजून गेली ती पुन्हा नीट आलीच नाहीत. गुडघे तर कधीच गेले होते. माझ्या घरातली बाईमाणसं पुन्हा त्या चिखलात पाय घालणार नाहीत, असं त्या येताजाता सांगायच्या. थोरली सून शिक्षिका आली तेव्हा त्यांनी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं होतं, "आमच्या सुनेच्या हाताला फक्त खडू लागतो."

आणि बाई खरंच शाळेत विज्ञान शिकवत होत्या. 'पाणथळीचे उपयोग' हा धडा त्यांनी वर्षानुवर्षं शिकवला. मुलं तो घडाघडा म्हणून दाखवायची, त्या गुण द्यायच्या. वर्गाच्या खिडकीतून ती पाणथळ समोर दिसायची, पण बाईंनी कधी तिच्यात पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून एक दिवस थळाचा अभ्यास करणारी एक संशोधक मुलगी शाळेत आली आणि म्हणाली, "मला सुट्टीत मदतीला माणसं हवीत, पैसे नाहीत, चिखल भरपूर आहे," तेव्हा बाईंचा हात त्यांच्याही नकळत वर गेला. दुसरा हात चित्रकलेच्या मास्तरांचा होता. त्यांच्या घरी सुट्टीत मेहुणे सहकुटुंब मुक्कामाला येणार होते. त्यापेक्षा चिखल बरा, असा त्यांनी हिशेब केला.

त्या मुलीला गावात सगळे डॉक्टरीण म्हणत. तिनं थळावर डॉक्टरकी केली होती, माणसांवर नाही, हे लोकांना पटत नसे. रोज कुणी ना कुणी तिच्या खोलीपाशी गुडघा नाहीतर खोकला घेऊन उभं असायचं.

काम ऐकायला सोपं होतं. लोखंडी सळ्यांची चौकट चिखलात टाकायची. चौकटीतला चिखल हातानं उपसून चाळणीत घ्यायचा, पाण्यात हलवायचा, आणि जे उरेल ते पांढऱ्या थाळीत ओतून मोजायचं. गोगलगाई, शिंपले, बारीक लाल किडे, चतुरांची केसाळ पिल्लं. मग पुढची जागा. सबंध थळ असं तुकड्या-तुकड्यानं पालथं घालायचं.

पहिल्याच दिवशी बाई मांडीपर्यंत रुतल्या. पाय ओढावा तेवढा चिखल खाली खेचायचा. सडक्या अंड्यासारखा वास येत होता. डॉक्टरीण ओरडली, "ओढू नका बाई! टाच आधी सोडवा, मग गुडघा वाकवा!" बाईंनी टाच सोडवली, आणि त्या सरळ तोंडावर आपटल्या. मास्तर हसायला लागले, हसता हसता त्यांचा तोल गेला, आणि त्यांचा एक बूट चिखलानं गिळला तो गिळलाच. संध्याकाळी ते एका बुटावर घरी गेले. मेहुण्यांना काय सांगितलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर बाईंना जिना चढवेना. पोटरीला जळवा लागल्या होत्या, पाठ धरली होती, नखांतला काळा चिखल ब्रशनंही निघत नव्हता. दुकानात साबण घ्यायला गेल्या तर दुकानदारानं सुटे पैसे हातावर न देता फळीवर ठेवले. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मुलीला त्यांनीच दोन वर्षं शिकवलं होतं. "धुतलेत हात," त्या म्हणाल्या. "हो हो बाई," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. आणि तिसऱ्याही. हळूहळू चिखलात पाय कसा टाकायचा ते पायालाच कळलं. थाळीत पाणी निवळलं की तळाशी काहीतरी हलायला लागायचं, आणि उन्हानं डोकं फुटत असलं तरी बाई त्या थाळीवरून मान काढत नसत. एकदा लांब लाल पायांचे शेकाटे शेजारीच येऊन चिखलात चोची खुपसायला लागले. मास्तर हळूच म्हणाले, "आपलेच भाऊबंद. फक्त ते पोटभर जेवून जातात."

कुरबूर सुरू झाली ती उत्तरेच्या काठावरून.

त्या बाजूला शेठनं रस्ता काढला होता. शेठ म्हणजे बांधकामाचा ठेकेदार. त्याला थळाचा उत्तरेचा फाटा बुजवून गोदामं उभारायची होती. परवानगी अजून मिळाली नव्हती, पाहणीला अधिकारी यायचा होता. पण शेठ थांबणाऱ्यातला नव्हता. कुठूनतरी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा घेऊन टिपर येत, काठावर ओतत आणि जात. "मेलेलं डबकं आहे," तो चारचौघांत सांगायचा. "डासांशिवाय काही नाही त्यात. मी गावाचं भलंच करतोय."

आणि त्यातला एक टिपर बाईंचा धाकटा दीर चालवत होता.

बरीच वर्षं रिकामा बसून त्याला ही नोकरी लागली होती. नुकतं कुठे त्याच्यासाठी मुलगी बघायचं चाललं होतं. आता जेवताना तो ताटावरून मान वर काढत नसे.

"वहिनी," एका संध्याकाळी तो म्हणाला, "मुकादम विचारत होता, ती चिखलातली बाई तुझी कोण. मी काय सांगू?"

"वहिनी आहे म्हणून सांगा."

"हसतात सगळे."

"हसू देत, भाऊजी. दात दिसतील, दुसरं काय?"

"तुम्हाला गंमत वाटते. त्या फाट्याचं काम बंद पडलं तर पहिला मी घरी बसेन." त्यानं हातातला घास ताटात टाकला. "तुमचा पगार चालूच राहील."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वेल्डिंगचं दुकान चालवायचा. दिवसभर ठिणग्यांसमोर बसून त्याला बोलायची सवयच राहिली नव्हती. तो म्हणाला, "आधी जेवा," आणि त्यानं वाढून घेतलं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांचा निरोप आला: असाल तशा या. बाई असतील तशाच गेल्या, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. खोलीत शेठ बसला होता, पुढ्यात चहा होता. बाई दारात आल्या तसे मुख्याध्यापक घाईनं उठले.

"तिथेच, तिथेच थांबा बाई. फरशी आत्ताच पुसलीय." त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायानं एक गोणपाट आणून उंबऱ्याच्या आत अंथरलं. "हां, आता यावर उभ्या राहा."

बाई गोणपाटावर उभ्या राहिल्या. या खोलीत त्या इतकी वर्षं येत होत्या. समोरची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या पँटवरून गढूळ पाणी थेंब थेंब गळत होतं आणि त्या थेंबांकडे शेठ मोठ्या मायेनं पाहत होता.

"बाई हुशार आहेत," शेठ म्हणाला. "त्यांना मी काय सांगणार. माझं एवढंच म्हणणं, तुमच्या वर्गावरचं छप्पर नवीन आहे ना? गळत नाही ना आता?"

"नाही गळत."

"कुणी दिलं?"

"तुम्ही."

"बस. एवढंच."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आपली सुट्टी आपण आराम करून घालवावी. शाळेचं नाव अशा वादात नको. पुढच्या वर्षी वर्गवाटप करायचंय मला."

रडू येईल असं बाईंना आधी वाटलं, पण आला तो राग, आणि तो चांगलाच होता.

"छप्पर दिलंत, उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पण त्या छपराखाली मी जे शिकवते, ते खरं आहे की खोटं, एवढं मला बघू द्या. सुट्टी माझी आहे. पायही माझेच आहेत."

आणि त्या गोणपाटावरून उतरल्या, आणि मुद्दाम नाही, पण वळताना त्यांच्या पावलांचे चांगले ठसठशीत ठसे त्या पुसलेल्या फरशीवर उमटले.

दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या रस्त्यावर साखळी लागली. साखळीपाशी राखणदार. खाजगी रस्ता, आत यायचं नाही.

डॉक्टरीण मटकन खालीच बसली. तोच फाटा तेवढा मोजायचा राहिला होता. "इथे भर पडण्याआधी काय होतं ते आपल्याकडे नसेल, तर नंतर काहीही सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "तो म्हणेल मेलेलंच होतं, आणि आपण हात चोळत बसू."

"थळातून जाऊ," बाई म्हणाल्या.

"मधला चिखल गळ्याएवढा आहे बाई. चालताच येणार नाही."

घरी येऊन बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. तो हूं म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात बोलावणं आलं. त्यानं एक पातळ पत्रा घेऊन त्याचं पुढचं टोक वर वळवलं होतं, कडा दुमडून ठोकल्या होत्या, वर पकडायला दोन कड्या वेल्ड केल्या होत्या.

"यावर पोटावर झोपायचं," तो म्हणाला. "हातानं वल्हवायचं. वजन पसरलं की रुतत नाही. कड गरम होईल उन्हात, कापड बांध."

"भाऊजींना कळलं तर?"

"मी पत्रा वळवलाय. तो कुठे घसरतो ते मी बघायला येणार नाही." आणि त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

बाई पत्र्यावर पालथ्या पडल्या आणि चिखलावरून निघाल्या. मागे दोरीला बांधलेली परात, तिच्यात चौकट, चाळणी, थाळ्या. दोन्ही हात खांद्यापर्यंत चिखलात घालून ओढायचे, की पत्रा वीतभर सरकायचा. डोक्यावर ऊन, पोटाखाली तापलेला पत्रा. लव्हाळ्याची पाती गालांना कापत होती. नवऱ्यानं असेच आणखी दोन पत्रे वळवून दिले होते, त्यातल्या एकावर मास्तर होते. ते वाटेत प्रत्येक ओढीला एकेका मेहुण्याचं नाव घेऊन हात मारत होते, त्यानं म्हणे जोर येतो. डॉक्टरीण सगळ्यात पुढे.

असे ते उत्तरेच्या फाट्यात रोज जाऊ लागले. काठावरचे लोक उभे राहून बघायचे. "मगरी आल्या, मगरी!" असं ओरडायचे. मुकादम शिट्ट्या वाजवायचा. चिखलातून तिघंही वर बघत नसत. फाट्यात चाळणी कधी रिकामी येत नव्हती. शिंपले इतके की परात ओढवेना.

शेवटची चौकट काठाला लागून होती. राडारोड्याचा ढीग तिथून जेमतेम चार हातांवर येऊन ठेपला होता. बाईंनी चौकट टाकली, आणि त्या चिखल उपसायला लागल्या तोच वर काठावर टिपर मागे मागे येऊ लागला. त्याचा घरघराट बाईंच्या ओळखीचा होता. टिपर थांबला. खिडकीतून दिराचं डोकं बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

"वहिनी!"

बाईंनी वर पाहिलं. चिखलानं माखलेल्या तोंडात त्यांचे फक्त डोळे दिसत असतील.

"वहिनी, बाजूला व्हा. इथे ओतायचंय."

"एवढी चौकट होऊ द्या, भाऊजी."

"ओत रे!" मुकादम मागून ओरडला. "ती आपोआप हलेल. कुणाची वाट बघतोस?"

"माणूस आहे खाली!"

"माणूस आहे म्हणून तर हलेल. दगड असता तर नसता हलला. ओतायचं नसेल तर किल्ली दे, दुसरे आहेत रांगेत."

मास्तर लांबून हाका मारत होते, "बाई, सोडा! निघा!" पण अर्धा चिखल चाळणीत गेला होता आणि अर्धा चौकटीत होता. आता उठलं तर ही जागा कायमची जाणार होती. आज नाही तर कधीच नाही. त्यांनी मान खाली घातली आणि ओंजळीमागून ओंजळ उपसत राहिल्या. शेवटची ओंजळ चाळणीत पडली तेव्हा वर टिपरची पाठ उचलली गेल्याचा आवाज आला.

दिरानं टिपर थोडा तिरका घेतला होता. राडारोडा बाईंच्या अंगावर पडला नाही, शेजारी पडला. पण चिखलाची एक भिंतच्या भिंत उठली आणि बाईंवर कोसळली. पत्रा उलटला. विटेचा एक तुकडा कपाळाला लागला. क्षणभर सगळं काळं झालं, नाकातोंडात चिखल गेला. मग मास्तरांचा हात त्यांच्या कॉलरला लागला.

वर आल्या तेव्हा त्यांनी चाळणी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली होती. तिच्यातलं काही सांडलं नव्हतं. कपाळावरून रक्त वाहत होतं. चौकट होती तिथे आता विटा आणि काँक्रीटचे तुकडे होते. बाई खोकल्या, थुंकल्या आणि मग त्यांनी काठाकडे बघून, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारलं, "झालं का मुकादम? की अजून आहे?"

मुकादम वळून चालायला लागला. टिपर निघून गेला होता.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी सुनेच्या कपाळावरचा चिखल स्वतः ओल्या फडक्यानं पुसला. पुसताना तोंडानं शिव्या चालूच होत्या: थळाला, डॉक्टरणीला, सुनेच्या शिक्षणाला. "सांगत होते. शंभरदा सांगत होते. कुणी टाकला तो दगड?"

तेवढ्यात दीर दारात आला आणि आत यायचं सोडून तिथेच उभा राहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"तू?"

"आई, मी बाजूला टाकलं. बाजूला घेतला होता मी टिपर."

"माझ्या सुनेच्या अंगावर माती टाकलीस?"

"नोकरी आहे माझी! नाहीतर दुसऱ्यानं सरळ डोक्यावर टाकलं असतं."

"मग दुसऱ्याचं रक्त पुसलं नसतं मी. त्याच्या आईनं बघितलं असतं." सासूबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. "ती मूर्ख आहे. फुकट मरायला जाते. पण ती माझी मूर्ख आहे. तिला मी बोलेन, तो मुकादम कोण बोलणारा? आणि तू त्याचं ऐकतोस?"

दीर न जेवता निघून गेला. मग बरेच दिवस तो बाईंशी बोलला नाही, आणि बाईंनीही त्याला हाक मारली नाही. टिपर मात्र तो चालवत राहिला.

पाहणीचा दिवस आला. अधिकारी सर्दीनं बेजार झालेला माणूस होता, दर दोन वाक्यांनी रुमाल काढायचा. काठावर सगळे जमले होते: शेठ, मुकादम, टिपरवाले, मुख्याध्यापक, निम्मं गाव. सासूबाईसुद्धा नातेवाईक म्हणून बघायला आल्या होत्या आणि एका दगडावर बसल्या होत्या. बाई चांगले, धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या.

डॉक्टरणीनं सगळं समजावून सांगितलं. अधिकारी शिंकला.

"साहेब," शेठ म्हणाला, "हे सगळं कुणी मोजलं? एका चित्रकलेच्या मास्तरांनी आणि एका शाळेच्या बाईंनी. सुट्टीतला खेळ आहे हा. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण खेळ तो खेळ."

लोक हसले. अधिकाऱ्यानं बाईंकडे पाहिलं. "आत्ता दाखवाल?"

"दाखवते. जागा शेठना ठरवू द्या."

डॉक्टरीण दचकली. शेठनं क्षणभर विचार केला आणि बोट केलं, अगदी ढिगाच्या पायथ्याशी. "तिथे."

बाई कपड्यांसकट उतरल्या. इस्त्रीची घडी पहिल्याच पावलाला गेली. विटा बाजूला सारत त्यांनी चौकट बसवली, चिखल उपसला, चाळला. काठावर सगळे मान लांब करून उभे. त्यांनी चाळणी पाण्यातून वर काढली.

तिच्यात विटेचा चुरा होता. काळपट गाळ होता. फुटलेल्या शिंपल्यांच्या कपच्या होत्या. हलणारं काहीही नव्हतं.

"बघा," शेठ म्हणाला. तो जोरात बोललाही नाही, गरजच नव्हती. "मेलेलं डबकं."

मुख्याध्यापकांनी मान हलवली. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, जरा बाजूला टाका दुसरी—"

"नाही." बाईंनी चाळणी काठावर, अधिकाऱ्याच्या पायाशी ठेवली. "ही लिहून घ्या, साहेब. रिकामी चाळणी. इथे काही जिवंत नाही. मी स्वतः सांगते, काही नाही."

अधिकारी गोंधळला. "तुम्ही तर म्हणत होता..."

"याच जागी मी या सुट्टीतली शेवटची चौकट टाकली होती. तेव्हा थाळीत हात घालायला जागा नव्हती. सगळं बाटल्यांमध्ये ठेवलंय, डॉक्टरणीकडे आहे. मग त्यावर हे पडलं." त्यांनी ढिगावर हात ठेवला. "मेलेलं डबकं नव्हतं साहेब. मारलंय."

"खोटं!" मुकादम पुढे आला. "ही भर जुनी आहे साहेब. कित्येक वर्षांपूर्वीची. आम्ही यायच्या आधीची. विचारा कुणालाही."

अधिकाऱ्यानं गर्दीकडे पाहिलं. गर्दी आपापल्या पायांकडे पाहायला लागली. शेठकडे कुणाचा भाऊ होता, कुणाचा जावई. बाई चिखलात उभ्या होत्या. त्यांनी कुणाचीही नजर धरायचा प्रयत्न केला नाही.

"मी टाकली."

टिपरवाल्यांच्या घोळक्यातून दीर पुढे आला. त्याचा चेहरा पडला होता. त्यानं घसा खाकरला.

"ही भर मी टाकलीय. या सुट्टीत. वहिनी खाली होत्या, मोजत होत्या. मी सांगितलं बाजूला व्हा, त्या झाल्या नाहीत. तरी मी टाकली." त्यानं बाईंच्या कपाळाकडे बोट केलं. "तो वण बघा. तो माझा आहे."

शेठनं त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग मुकादमाला म्हणाला, "किल्ली घे याच्याकडून."

"घे," दीर म्हणाला आणि त्यानं किल्ली मुकादमाच्या हातात न देता त्याच्या पायाशी टाकली. मागे दगडावर सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "उचल आता वाकून." गर्दीत कुणीतरी हसलं, आणि या वेळी ते हसू बाईंवर नव्हतं.

अधिकाऱ्यानं निकाल तिथे दिला नाही. अधिकारी देत नाहीत. पण पुढे कळलं ते असं: फाट्यातलं काम थांबवायचं. वर्षभर, सगळ्या ऋतूंत मोजणी व्हायची, मग ठरवायचं. शेठची गोदामं रद्द झाली नाहीत, नुसती लांबली. ढीग होता तिथेच राहिला. धाकटा दीर थोरल्याच्या दुकानात ठिणग्यांसमोर बसू लागला. मुलगी बघायचं तूर्त मागे पडलं. तो बाईंशी पुन्हा बोलायला लागला, पण अजून थोडं तुटक, आणि बाईंनी घाई केली नाही. सासूबाईंचं तोंड काही बंद झालं नाही. फक्त आता त्या चिखलाबरोबर शेठलाही शिव्या घालत.

शाळा उघडली. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांनी वर्गवाटप वाचून दाखवलं. बाईंचं विज्ञान गेलं होतं. त्यांना बालवर्ग दिला होता, गाणी, टाळ्या आणि नाकं पुसणं. सगळ्यांनी बाईंकडे चोरून पाहिलं.

"आणखी एक," मुख्याध्यापक म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी आपले शिक्षक कुठे जातात, यावर मी बंधन घालू शकत नाही. पण शाळेला कुणी छप्पर देतं, हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. शहाण्यास सांगणे न लगे. कुणाला काही विचारायचंय?"

"मला," बाई उभ्या राहिल्या. "बालवर्ग चालेल मला. पण वर्षभर मोजायचंय आणि आम्ही तिघंच आहोत. रविवारी आम्ही फाट्यात जातोय. कोण येतंय?"

पंखा तेवढा कुरकुरत होता. चित्रकलेच्या मास्तरांनी हात वर केला. "तुम्ही आहातच," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक समोर उभे होते, आणि त्यांच्यासमोर हात वर करणं म्हणजे पुढचा बालवर्ग आपला, हे प्रत्येकाला स्वच्छ दिसत होतं. बाई बसल्या नाहीत. एकेका चेहऱ्याकडे पाहत, उत्तर येत नसलेल्या वर्गासमोर राहतात तशा त्या उभ्या राहिल्या.

शेवटी कोपऱ्यातून शिवणाच्या बाईंचा आवाज आला. त्या निवृत्तीला आल्या होत्या, अंगानं भारदस्त, आणि इतक्या वर्षांत सभेत त्यांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"मला पोहता येत नाही," त्या म्हणाल्या. "चालेल का?"

"पोहायचं नाहीच आहे," बाई म्हणाल्या. "रुतायचं आहे."

"मग येते. रुतायचं काय, या शाळेत इतकी वर्षं तेच करतेय."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग खोलीभर हसू पसरलं, मुख्याध्यापक "शांतता, शांतता" म्हणत असतानाच. बाहेर घंटा झाली. कुणी उठलं नाही. संगीताच्या मास्तरांनी शेजारी ठेवलेल्या बाजाच्या पेटीवरचा हात काढला, तो अर्धवट वर नेला, आणि मुख्याध्यापकांकडे बघतच विचारलं, "किती वाजता निघायचं, बाई?"